पंधरा आणि पन्नासच्या मधली गाडी

सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद मेस्त्रींनी करंगळीएवढा फाडला आणि येझदी मोटारसायकलीच्या उजव्या कव्हरखाली, कॉन्टॅक्ट पॉइंटच्या, म्हणजे ठिणगी सोडणाऱ्या स्विचच्या फटीत सरकवला. प्लग आधीच काढून ठेवला होता. त्या भोकातून व्हर्नियरची, म्हणजे बारीक मापं घेणाऱ्या पट्टीची दांडी आत सोडून पिस्टनच्या डोक्यावर टेकवली. एका हाताने ते मॅग्नेट अगदी सावकाश फिरवत होते, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कागद हलकेच ओढून धरला होता. पिस्टन वर चढत आला, टोकाला पोचायला साधारण ३ मिलिमीटर राहिले आणि कागद सुळकन बाहेर आला. "हितं ठिणगी पडायची," मेस्त्री म्हणाले. स्क्रू आवळला, प्लग लावला, डावीकडची गिअरची दांडी आत दाबून वर फिरवली. जावा-येझदीत गिअरची दांडी तीच किक. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली आणि दोन्ही सायलेन्सरमधून तिचा तो ठरलेला आवाज घुमू लागला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या गॅरेजात मी गेली काही वर्षं अधूनमधून जाऊन बसतो. गाडी माझी, १९७९ ची. तिथे बसून जे बघितलं त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा लेख. जुन्या मोटारसायकलींबद्दल आपल्याकडे दोनच बोलणी ऐकू येतात. एक, धूर ओकणारी खटारी भंगारात काढा. दोन, दुर्मीळ ठेवा आहे, काचेआड जपून ठेवा. सरकारचे नियमही याच दोन टोकांना धरून केलेले दिसतात. या दोन्हींच्या मध्ये चालती गाडी आणि ती चालती ठेवणारा माणूस उभा आहे, आणि त्याच्यासाठी कुठल्याच नियमात नीट जागा केलेली नाही. जागा करायची असेल तर आधी मेस्त्रीला धरून करायला हवी, गाडीचं वय त्यानंतर.

हे मी जावा-येझदीच्याच उदाहरणाने सांगतो, कारण या गाडीइतका स्वच्छ पुरावा दुसऱ्या कुठल्या गाडीत सापडणार नाही.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. फ्रांतिशेक यानेचेक या उद्योजकाने १९२९ मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचं डिझाइन घेतलं आणि दोन्ही नावांची (Janeček आणि Wanderer) पहिली अक्षरं जोडून जावा हे नाव केलं. आपल्याकडे रुस्तम इराणी आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना उभा केला. १९६१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं ते म्हैसूरचे महाराज जयचामराज वाडियार यांच्या हस्ते. पुढे सत्तरच्या दशकात जावा नाव मागे पडून येझदी आलं. इराणमधल्या यझ्द शहरावरून ते घेतलं असं सांगतात. १९७८ मध्ये रोडकिंग आली. २५० सीसी, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, इंजिन इतकं साधं की पान्ह्यांच्या एका पिशवीत अख्खं उतरवता यावं. शेतकऱ्यांनी घेतली, मास्तरांनी घेतली, कॉलेजातल्या पोरांनी घेतली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

नवी जावा बाजारात आली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये. तिचं इंजिन फोर-स्ट्रोक, लिक्विड-कूल्ड. त्यातला एकही भाग जुन्या गाडीला लागत नाही. म्हणजे १९९६ पासून पुढे या गाडीला कंपनी नव्हती. कारखान्यातून येणारे सुटे भाग थांबले, सर्व्हिस सेंटर मिटली, माहितीपुस्तकं फाटली. तरीही आज जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवसाला पुण्यात, बंगळुरूत, मुंबईत, कोल्हापुरात या गाड्या रांगेने बाहेर पडतात. ही रांग कुणी टिकवली? मालकांची हौस आहेच, ती मी नाकारत नाही. पण हौसेने कनेक्टिंग रॉड तयार होत नाही.

तो कसा होतो ते सांगतो. पिस्टनच्या वर-खाली चालीतून चाक फिरवतो तो क्रँक. टू-स्ट्रोकचा क्रँक म्हणजे दोन जाड चकत्या, मधोमध पिनेवर बसवलेला रॉड. बेअरिंग गेलं की हे सगळं हायड्रॉलिक प्रेसवर दाबून वेगळं करायचं, नवा रॉड-किट घालायचा, परत दाबून बसवायचं. खरी कसोटी इथून पुढे लागते. दोन्ही चकत्यांचे दांडे एका रेषेत आले पाहिजेत, केसाएवढाही फरक चालत नाही. लेथवर दोन सेंटरमध्ये क्रँक धरून डायल गेज लावायचा, काटा किती हलतो ते बघायचं, आणि जिथे जास्त हलतो तिथे तांब्याच्या हातोडीने एक टोला द्यायचा. किती जोराचा, ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. मी बघितलं तेव्हा मेस्त्रींनी पाच टोले दिले. प्रत्येक टोल्यानंतर थांबून काटा बघितला. चुकलं तर गाडी ६० च्या पुढे हँडलमध्ये थरथरते आणि नवं बेअरिंग काही महिन्यांत बोंबलतं.

तेच सिलिंडरचं. येझदीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिलिमीटर. घासला की पाव-पाव मिलिमीटरने वाढवत न्यायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन घालायचा. शेवटच्या साइजलाही ब्लॉक संपला की नवी स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, ओतून, फिरवून, पोर्टच्या खिडक्या हाताने कापून बसवायची. हे काम करणारे लेथवाले, ओतारी, निकेल-क्रोमवाले, टाकीचा पोचा आतून काढणारे डेंटर, पितळी वेल्डिंग करणारे, सीट शिवणारे, टाकीवर ब्रशने सोनेरी रेघ मारणारे पेंटर, हे सगळे मिळून एक न दिसणारा कारखाना चालवत होते. त्याला गेट नव्हतं, पाटी नव्हती. पुण्यात नाना पेठेतली दुकानं आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोरबाजार आणि कुर्ल्याचे भंगारवाले, कोल्हापुरात उद्यमनगर, असा तो विखुरलेला होता. ज्या कोल्हापुरात यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्री यांचं नाव अजून आदराने घेतलं जातं, तिथे मेस्त्री हा शब्द मानाने उच्चारतात याचं मला फार बरं वाटतं. बाकी ठिकाणी त्याच कामाला "गॅरेजवाला" म्हणून हात झटकले जातात.

आता नियमांकडे येतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. नवी नोंदणी २० हजार रुपये, १० वर्षांसाठी; पुढचं नूतनीकरण ५ हजार. नंबरात व्हीए अक्षरं. आणि ही गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची, नियमित वापरायची नाही.

हेतू चांगला होता. तोवर जुन्या वाहनाला कायद्यात स्वतःची अशी ओळखच नव्हती, ती मिळाली. पण हे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर संस्थानिकांची मोटार होती, दूध घालणाऱ्याची राजदूत मोटारसायकल नव्हती, हे वाचताना लगेच कळतं. रोल्स-रॉइसला २० हजार आणि राजदूतलाही २० हजार. ज्या राजदूतवर दोन्ही बाजूंना कॅन बांधून माणसांनी आयुष्यभर डेअरी गाठली, तिची किंमतच कित्येकदा तेवढी होत नाही.

५० वर्षांची अट तर मला मुळातच पटत नाही. १९७८ ची रोडकिंग २०२८ मध्ये व्हिंटेज होणार. १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५०, जिला सगळे आरडी म्हणतात, ती २०३३ मध्ये. १९८५ ची यामाहा आरएक्स १०० थेट २०३५ मध्ये. या गाड्यांवर ज्यांनी उमेदवारी केली ते मेस्त्री आज साठी-सत्तरीत आहेत. गाडीला मान मिळेल तेव्हा तिला हात लावणारा उरलेला नसेल. जर्मनीत ३० वर्षांच्या गाडीला मूळ स्थितीत असल्यास वेगळी पाटी मिळते आणि ती रोजही चालवता येते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर रस्ताकर माफ होतो. आपण ३० वर्षांवर आलो तर कुणाचं काय बिघडेल?

आणखी एक शब्द मला खटकतो. इंजिन किंवा चासीत मोठी फेरफार नसावी, अशी अट आहे. योग्यच आहे, मडगार्ड कापून, चासी वाकवून बॉबर करून टाकलेली जावा मला बघवत नाही. पण बोअर वाढवणं, स्लीव्ह टाकणं, क्रँक बांधणं ही फेरफार नव्हे, ही दुरुस्ती. मूळ कारखान्यानेच ओव्हरसाइज पिस्टन दिले होते. नियमात हे एका ओळीत स्पष्ट लिहिलं तर तपासणीच्या वेळी अधिकाऱ्याच्या मर्जीवर काही राहणार नाही.

मधल्या गाड्यांचं काय होतं? ज्यांचे कागद जागेवर आहेत त्यांचा रस्ता मोकळा आहे, आणि हे लोकांना माहीतच नाही. १५ वर्षांनी नोंदणी संपते, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण होतं. एप्रिल २०२२ मध्ये दुचाकीचं हे शुल्क ३०० वरून १ हजार झालं, २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या दुचाकीला २ हजार. महाराष्ट्रात २०१० पासून पर्यावरण करही आहे. हे पैसे भरायला माझी तक्रार नाही. पण दिल्लीत १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली तेव्हापासून आपल्याकडे खेडोपाडी समज पसरला की १५ वर्षं झाली की गाडी बाद. तो आदेश राजधानी परिसरापुरता होता. महाराष्ट्रात तशी बंदी नाही. तरी या समजापायी चालत्या गाड्या किलोच्या भावाने गेल्या. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त एसटी चालकाने चालू स्थितीतली जावा भंगारवाल्याला दिली, "आता पासिंगच होत नाही म्हणत्यात" म्हणून. कुणीतरी त्यांना चुकीचं सांगितलं, एवढंच. परिवहन खात्याने प्रत्येक कार्यालयाच्या दारात मराठीत एक फलक लावला असता तर ती गाडी वाचली असती.

कागद नसलेल्यांचं दुखणं याहून अवघड. खेड्यात गाडी विश्वासावर विकली जायची. पैसे दिले, किल्ली घेतली, नाव बदलायला तालुक्याला कोण जाणार? तीन-चार हात बदलून गाडी आज ज्या घराच्या गोठ्यात उभी आहे त्या घरात आरसी बुक नाही, मूळ मालक वारला, वारस मुंबईत. व्हिंटेज नोंदणीलाही जुनं नोंदणीपत्र मागतात. माझं म्हणणं असं की यासाठी एकदा मुदतीची मोहीम काढावी. चासी आणि इंजिन नंबरची प्रत्यक्ष तपासणी, पोलिसांकडून चोरीची नोंद नसल्याचा दाखला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, प्रतिज्ञापत्र, आणि हरकत न आल्यास नोंदणी. चोरीच्या गाड्या यातून पांढऱ्या होतील ही भीती खोटी नाही. नंबर पाडून विकणारे आहेत, मला माहीत आहेत. म्हणूनच तपासणी कडक हवी, आणि तिथे सरकारी अधिकाऱ्याबरोबर एक अनुभवी मेस्त्री बसवावा. म्हैसूरचा मूळ ठसा आणि नंतर ठोकलेला ठसा यातला फरक तो एका नजरेत सांगतो.

पोलीस ठाण्यांच्या आवारात पडलेला मुद्देमाल हा याच दुखण्याचा दुसरा भाग. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं होतं की जप्त वाहनं वर्षानुवर्षं ठाण्यात सडत ठेवू नका. तरी कुठल्याही तालुक्याच्या ठाण्यामागे बघा, वेलींखाली टाक्या गंजलेल्या दिसतील. लिलाव होतो तेव्हा ढिगावर होतो. लिलावाआधी ३० वर्षांपुढच्या गाड्या वेगळ्या काढून त्यांची यादी लावली तर एवढ्या साध्या कामातून कितीतरी इंजिनं वाचतील.

धुराच्या प्रश्नाला मी बगल देणार नाही. टू-स्ट्रोक इंजिन प्रदूषण जास्त करतं. त्याच्या रचनेतच असं आहे की ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येताना त्यातला काही भाग न जळता थेट सायलेन्सरमधून निघून जातो, शिवाय तेल जळतं ते वेगळंच. शहरभर रोज टू-स्ट्रोक धावाव्यात असं मी म्हणत नाही. आरएक्सला मोकळा सायलेन्सर लावून रात्री कॉलनीतून कर्कश फिरणाऱ्यांवर कारवाई झालीच पाहिजे. या छंदाची सगळ्यात जास्त बदनामी त्यांनीच केली आहे. पण माप आधीपासून आहे. २००० सालाआधीच्या टू-स्ट्रोकसाठी पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९ हजार पीपीएम अशी मर्यादा ठरलेली आहे. ती प्रामाणिकपणे तपासा, केंद्रात न नेता मिळणारे दाखले बंद करा. ज्या गाडीचं टायमिंग कागदाची पट्टी लावून जुळवलेलं आहे, कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, स्वच्छ आहे, तेलाचं प्रमाण बरोबर आहे, ती पास होते. नापास होते ती हेळसांड झालेली गाडी. इथेही शेवटी येऊन थांबतो ते मेस्त्रीच्या हातापाशीच.

त्या हातापुढे सध्या नवं संकट आहे ते इथेनॉलचं. २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली आणि दोन वर्षांत ते सगळीकडे पोचलं. आपल्या भागात ऊस पिकतो, कारखान्यांना त्यातून पैसा मिळतो, तो शेतकऱ्यापर्यंत यावा अशी माझीही इच्छा आहे. पण जुन्या गाडीतलं रबर या इंधनासाठी बनलेलंच नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीचा कार्बोरेटर उघडला की जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी पूड जमलेली असते, वॉशर फुगलेले असतात, टाकीतला जुना गंज सुटून जेटमध्ये अडकलेला असतो. मेस्त्री आता नळी, वॉशर, सील नव्या प्रकारच्या रबराचे वापरतात आणि गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवायला सांगतात. हे त्यांनी स्वतः शोधलं, कुणी शिकवायला आलं नाही. प्रत्येक जिल्ह्यात एका तरी पंपावर बिनमिश्रणाचं पेट्रोल, जास्त दराने का होईना, मिळावं ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

संग्राहकांबद्दलही बोललं पाहिजे, कारण आज या जगात त्यांचा शब्द चालतो. त्यांच्या पैशामुळे बऱ्याच गाड्या वाचल्या, हे खरं. पण आरडी आणि आरएक्सच्या किमती लाखांत गेल्यापासून गाडी ही गुंतवणूक झाली. गावातून पंधरा हजारांना उचलायची, रंगवायची, शहरात दहापट किमतीला काढायची. यात मेस्त्रीला मजुरी मिळते, नाव मिळत नाही. रॅलीत गाडीसमोर पाटी लागते: मॉडेल, साल, मालक. क्रँक कुणी बांधला, क्रोम कुणी चढवलं, हे कधी लिहिलेलं मी पाहिलं नाही. चित्राखाली चित्रकाराची सही नसून विकत घेणाऱ्याची असावी, तसा हा प्रकार आहे. पाटीवर चौथी ओळ घालायला सरकारची परवानगी लागत नाही. क्लबांनी येत्या जुलैपासूनच ती घालावी.

सरकारकडून मात्र एक गोष्ट हवी आहे. आयटीआयत दुचाकी दुरुस्ती शिकवतात, ती चालू गाड्यांची. ते बरोबरच आहे, पोरांना नोकरी त्यावर मिळते. पण अनुभवाने शिकलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यायची योजना देशात आधीच आहे. जुनी इंजिनं बांधणाऱ्यांना त्यात आणा, आणि ज्यांना प्रमाणपत्र दिलं त्यांनाच आयटीआयत महिन्यातून दोन दिवस मानधनावर शिकवायला बोलवा. क्रँक एका रेषेत आणणारा पोरगा उद्या पंपाचा शाफ्ट, गिरणीचा दांडा, काहीही सरळ करील. ही विद्या फक्त जुन्या जावापुरती नाही.

आमच्या मेस्त्रींकडे भिंतीवर एक पुलर, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं हत्यार, टांगलेला आहे. येझदीचा क्लच खोलायला त्यांनी तो तीस वर्षांपूर्वी स्वतः केला, जुन्या ट्रकच्या अ‍ॅक्सलच्या तुकड्यातून. बाजारात मिळणाऱ्या पुलरपेक्षा तो आखूड आहे आणि त्याचा आटा त्यांनी जरा वेगळा पाडला आहे, म्हणून क्लचच्या दांड्यावरचा आटा खराब होत नाही. त्याचं ड्रॉइंग कुठेही नाही. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, गॅरेजातला पोरगा दिवाळीनंतर इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये जाणार आहे. मी पुढच्या रविवारी व्हर्नियर, पेन्सिल आणि ग्राफ पेपर घेऊन जाणार आहे. मापं मी घेईन, आट्याचं मेस्त्री सांगतील, आणि खाली त्यांची सही घेईन.